गेस्टाल्ट थेरपी आणि अस्तित्ववाद यांचं नातं काय? 'जमणार नाही' आणि 'करणार नाही' यांतला फरक

"रविवारी यायला जमणार नाही."

हे वाक्य आपण किती सहज बोलतो. लग्नाचं आमंत्रण असो, मित्राचा फोन असो किंवा ऑफिसचं जादा काम, 'जमणार नाही' म्हटलं की विषय संपतो. आता याच वाक्याच्या जागी 'रविवारी मी येणार नाही' असं मोठ्याने म्हणून बघा. निरोप तोच आहे, पण बोलताना जीभ जरा अडखळते. पहिल्या वाक्यात न येण्याला परिस्थिती कारणीभूत आहे. दुसऱ्या वाक्यात न येणारे तुम्ही स्वतः आहात.

या दोन वाक्यांमधल्या फरकाकडे बारकाईने बघणारी एक मानसोपचार पद्धती आहे. तिचं नाव गेस्टाल्ट थेरपी. आणि हा फरक इतका महत्त्वाचा का, याचं उत्तर ज्या विचारधारेत सापडतं तिचं नाव अस्तित्ववाद.

या दोघांचं नातं नेमकं काय आहे? तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातली 'स्वातंत्र्य', 'जबाबदारी' यांसारखी जड नावं दुःखात असलेल्या माणसाच्या कामी कशी येतात? आणि कधी कधी त्याच्याच विरोधात कशी वापरली जातात? समजून घेऊया.

आधी 'गेस्टाल्ट' म्हणजे काय?

गेस्टाल्ट हा जर्मन शब्द आहे. त्याचा अर्थ आकार, घडण किंवा संपूर्ण आकृती. मराठीत 'आकृतिबंध' हा शब्द त्याच्या जवळ जातो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माक्स वेर्थायमर, वोल्फगांग क्योलर आणि कुर्ट कोफ्का या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीत गेस्टाल्ट मानसशास्त्राची मांडणी केली. माणूस जग तुकड्यातुकड्यांनी बघत नाही, त्याला आधी संपूर्ण आकृती दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं. गाणं ऐकताना आपण सुटे स्वर मोजत नाही, आपल्याला चाल ऐकू येते. तीच चाल वरच्या पट्टीत गायली तर प्रत्येक स्वर बदलतो, तरी गाणं आपण लगेच ओळखतो.

त्यांचा दुसरा मुद्दा आकृती आणि पार्श्वभूमीचा. तहान लागलेली असताना स्टेशनवर उतरलात, तर गर्दीतूनही पाण्याचा नळ आधी दिसतो. पाणी पिऊन झालं की तोच नळ गर्दीत हरवतो आणि आता गाडीचा फलक दिसायला लागतो. आपली त्या वेळची गरज ठरवते की समोर काय येणार आणि मागे काय राहणार.

गेस्टाल्ट थेरपीने ही कल्पना भावनांना लावली. एखादी गरज पूर्ण झाली की ती मागे सरकते. पण वडिलांशी बोलायचं राहून गेलेलं वाक्य, गिळलेला राग, न रडलेलं रडणं ही अर्धवट राहिलेली आकृती असते. ती मागे जात नाही, पुन्हा पुन्हा समोर येत राहते. या पद्धतीत तिला 'अपूर्ण राहिलेलं काम' म्हणतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गेस्टाल्ट मानसशास्त्र आणि गेस्टाल्ट थेरपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ मेरी हेन्ले यांनी तर १९७८ मध्ये लिहिलेल्या लेखात या दोघांत नावापलीकडे फारसं साम्य नाही, अशी टीका केली होती. त्यांच्याशी पूर्ण सहमत व्हायची गरज नाही. पण थेरपीचा वैचारिक कणा शोधायचा तर तिच्या नावाच्या बाहेर बघावं लागतं, हे खरं.

आणि अस्तित्ववाद?

मराठी वाचकाला हा शब्द बहुतेक वेळा साहित्याच्या चर्चेत भेटतो. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या 'कोसला'बद्दल बोलताना तो हमखास निघतो. त्यामुळे अस्तित्ववाद म्हणजे उदास नायक आणि सगळं निरर्थक वाटणं, असा एक समज आहे. पण तो अपुरा आहे.

अस्तित्ववाद ही एकच शाळा नाही. डेन्मार्कचे सोरेन किर्केगार्द (१८१३–१८५५) श्रद्धाळू ख्रिस्ती होते, तर फ्रान्सचे झां-पॉल सार्त्र नास्तिक. मार्टिन बूबर यांचं चिंतन ज्यू परंपरेतून आलं होतं. हायडेगर यांनी तर हे लेबल स्वतःला लावून घ्यायलाच नकार दिला. तरी या सगळ्यांना जोडणारा एक धागा आहे. 'माणूस म्हणजे काय' याचं सर्वसाधारण उत्तर शोधण्यापेक्षा, या क्षणी जगणाऱ्या, निवड करावी लागणाऱ्या आणि एक दिवस मरणाऱ्या प्रत्यक्ष माणसाकडे ते बघतात.

सार्त्र यांची मांडणी सर्वांत प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ती सोप्या भाषेत सांगितली. कागद कापायची सुरी बनवण्याआधी तिचा उपयोग ठरलेला असतो. माणसाचं तसं नाही. तो आधी जगात येतो आणि मग आपल्या कृतींमधून 'आपण कोण' हे घडवतो. म्हणजे 'माझा स्वभावच असा आहे' ही पळवाट बंद. निवड न करणं हीसुद्धा निवडच.

दोघांची गाठ कुठे पडली?

ही गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये.

फ्रिट्झ पर्ल्स यांचा जन्म १८९३ मध्ये बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये काढलेले दिवस त्यांच्या मनातून कधी गेले नाहीत. डॉक्टर झाल्यावर १९२६ मध्ये ते फ्रँकफर्टला आले आणि मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डश्टाइन यांच्या हाताखाली काम करू लागले. गोल्डश्टाइन युद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत. इजा मेंदूच्या एका भागाला झाली तरी संपूर्ण माणूस नव्याने जुळवून घेतो, हे त्यांचं निरीक्षण होतं.

याच शहरात फ्रिट्झ यांना लोरे पोस्नर भेटल्या. पुढे जग त्यांना लॉरा पर्ल्स म्हणून ओळखू लागलं. १९०५ मध्ये जन्मलेल्या लॉरा गेस्टाल्ट मानसशास्त्राच्या रीतसर अभ्यासक होत्या. त्या काळात फ्रँकफर्ट विद्यापीठात मार्टिन बूबर शिकवत होते आणि धर्मचिंतक पॉल टिलिख तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. लॉरा या दोघांच्या वर्गांत बसल्या होत्या. अस्तित्ववाद त्यांनी पुस्तकातून उचलला नव्हता, वर्गात बसून ऐकला होता.

१९३० मध्ये दोघांनी लग्न केलं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि दोघांना देश सोडावा लागला. आधी ॲमस्टरडॅम, मग दक्षिण आफ्रिकेतलं जोहान्सबर्ग. मागे राहिलेल्या त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचा नाझींच्या छळछावण्यांत अंत झाला. 'माणसाच्या हातात नेमकं काय असतं?' हा प्रश्न या जोडप्यासाठी केवळ अभ्यासाचा विषय नव्हता.

तोवर दोघंही फ्रॉइडच्या परंपरेतले मनोविश्लेषक होते. १९३६ मध्ये फ्रिट्झ दक्षिण आफ्रिकेतून युरोपला गेले आणि व्हिएन्नात फ्रॉइड यांना भेटले. त्यांच्याच सांगण्यानुसार, ही भेट दारातल्या दारात काही मिनिटांत आटोपली आणि तो अपमान ते विसरले नाहीत. १९४२ मध्ये आलेल्या 'इगो, हंगर अँड अग्रेशन' या त्यांच्या पुस्तकात फ्रॉइडपासून दूर जाण्याची सुरुवात दिसते. पुस्तकावर नाव फ्रिट्झ यांचं असलं तरी त्यात लॉरा यांच्या लेखनाचाही वाटा होता.

मग नाव 'अस्तित्ववादी थेरपी' का ठेवलं नाही?

१९४६ मध्ये फ्रिट्झ न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे लेखक आणि समाजचिंतक पॉल गुडमन आणि कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ राल्फ हेफरलाइन हे सहकारी मिळाले. १९५१ मध्ये तिघांच्या नावावर 'गेस्टाल्ट थेरपी' हा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला. सिद्धान्ताचा भाग मुख्यतः गुडमन यांनी लिहिला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये या पद्धतीची पहिली संस्था सुरू झाली.

या नव्या पद्धतीला काय म्हणायचं, यावर चर्चा झाली होती. लॉरा यांनी नंतर सांगितलं की 'अस्तित्ववादी' हे नाव त्यांच्या मनात होतं. पण तेव्हा अस्तित्ववाद म्हणजे सार्त्र आणि सार्त्र म्हणजे शून्यवाद, असं समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. बरं व्हायला आलेल्या माणसाला दारावर अशी पाटी दिसली तर तो आत येईल का? त्यामुळे ते नाव मागे पडलं.

नाव गेलं तरी नातं राहिलं. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गेस्टाल्ट थेरपी व्हर्बेटिम'मध्ये फ्रिट्झ यांनी आपली पद्धत जगातल्या तीन अस्तित्ववादी उपचारपद्धतींपैकी एक असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दोन म्हणजे व्हिक्टर फ्रँकल यांची लोगोथेरपी आणि लुडविग बिन्सवांगर यांचं अस्तित्व-विश्लेषण.

तत्त्वज्ञान खोलीत कसं येतं?

अस्तित्ववादी तत्त्वज्ञ विचारतात, 'माणूस स्वतंत्र आहे का?' गेस्टाल्ट थेरपिस्ट हा प्रश्न समोरच्या माणसाला विचारत नाही. तो म्हणतो, "आत्ता बोलताना तुमच्या हाताच्या मुठी वळल्या आहेत. लक्ष गेलं का?" मोठा प्रश्न असा छोट्या प्रयोगात बदलतो. चार ठिकाणी हे स्पष्ट दिसतं.

१. 'का?' नाही, 'काय' आणि 'कसं'

एडमुंड हुसर्ल यांनी सुरू केलेली तत्त्वज्ञानाची एक पद्धत हायडेगर आणि सार्त्र या दोघांनीही स्वीकारली होती. तिचा गाभा असा, की आधीचे सिद्धान्त बाजूला ठेवा आणि अनुभव जसा येतो तसा बघा, त्याचं वर्णन करा. गेस्टाल्ट थेरपीने हे जवळजवळ नियमासारखं पाळलं. 'तुम्ही असे का आहात' याचं उत्तर बालपणात खोदत बसण्यापेक्षा 'तुम्ही आत्ता काय करताय आणि ते कसं करताय' हे बघायचं.

याचं गाजलेलं उदाहरण १९६५ च्या एका शैक्षणिक चित्रपटात आहे. ग्लोरिया या नावाने ओळखल्या गेलेल्या एका महिलेने तीन थेरपिस्टांसोबत एकेक सत्र केलं. ते तिघे म्हणजे कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि आल्बर्ट एलिस. ग्लोरिया म्हणते की मला भीती वाटतेय. फ्रिट्झ लगेच दाखवून देतात की हे सांगताना ती हसतेय. भीतीच्या कारणांवर चर्चा नाही, भीती आणि हसू एकाच चेहऱ्यावर कसे आहेत, याकडे बोट.

यातले एलिस मराठी वाचकांना परके नाहीत. त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती के. एम. फडके यांच्यामुळे महाराष्ट्रात पोहोचली. दोन्ही पद्धतींतला फरक सोपा आहे. एलिस विचार तपासायला सांगतात. पर्ल्स म्हणतात, विचार थोडे बाजूला ठेव, अनुभवाकडे बघ.

२. जबाबदारी

सार्त्र यांनी 'आत्मवंचना'ची संकल्पना मांडली. आपण स्वतंत्र आहोत हे आतून माहीत असतं, पण ते ओझं नको म्हणून आपण वस्तू असल्यासारखे वागतो. 'माझा नाइलाज आहे', 'मी असाच आहे' ही तिची वाक्यं. फ्रॉइड यांचं 'अबोध मन' सार्त्र यांनी याच कारणासाठी नाकारलं होतं.

गेस्टाल्ट थेरपीने ही आत्मवंचना भाषेत पकडली. 'ते' ऐवजी 'मी' म्हणून बघा. 'जमत नाही' ऐवजी 'करत नाही' म्हणून बघा. प्रश्न विचारण्याऐवजी त्यामागचं विधान बोला. 'तू इतक्या उशिरा का आलास?' यामागे बहुतेक वेळा 'मी वाट बघत होते, मला एकटं वाटलं' हे दडलेलं असतं.

मराठीत या प्रयोगाला एक वेगळी गंमत येते. आपल्याकडे राग 'येतो', रडू 'येतं', कंटाळा 'येतो', भीती 'वाटते'. आपण राग करण्याआधी राग आपल्याकडे येतो. काच 'फुटते', चूक 'होते', बोलायचं 'राहून जातं'. ही आपल्या व्याकरणाची रीत आहे, लबाडी नव्हे. भावना खरंच आपल्याला न विचारता येतात, हे ती प्रामाणिकपणे सांगते. त्यामुळे 'मला राग आला' हे वाक्य दुरुस्त करायची गरज नाही. त्याच्या पुढचं वाक्य मात्र तपासता येतं. 'मला राग आला आणि हात उचलला गेला' यातला हात कोणी उचलला?

३. चिंता

किर्केगार्द यांनी १८४४ मध्ये चिंतेवर पुस्तक लिहिलं. कड्याच्या टोकावर उभं राहिल्यावर भोवळ येते ती केवळ पडण्याच्या भीतीने नव्हे, उडी मारणं आपल्या हातात आहे या जाणिवेनेही, असा त्यांचा विचार होता. चिंता ही स्वातंत्र्याची खूण आहे.

पर्ल्स यांनी हा विचार शरीरात आणला. 'आत्ता' आणि 'नंतर' यांच्यात जी फट पडते, तिच्यात चिंता राहते. भाषणाआधी छाती धडधडते ती रंगमंचावर पोहोचण्याआधीच आपण मनाने तिथे गेलेलो असतो म्हणून. आणि ती धडधड म्हणजे श्वास रोखून धरलेला उत्साहसुद्धा असू शकतो. म्हणून या पद्धतीत चिंतेवर बोलताना श्वासाकडे, पाय जमिनीवर टेकलेत का याकडे लक्ष दिलं जातं.

४. बदल

इथे आर्नल्ड बायसर यांची गोष्ट सांगायला हवी. बायसर अमेरिकेतले तरुण डॉक्टर आणि उत्तम टेनिसपटू होते. १९५० मध्ये पोलिओने त्यांचं शरीर लुळं झालं. दीर्घ काळ त्यांना 'आयर्न लंग' या श्वास देणाऱ्या यंत्रात काढावा लागला. उरलेलं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं. पुढे ते मानसोपचारतज्ज्ञ झाले आणि फ्रिट्झ पर्ल्स यांच्या संपर्कात आले.

१९७० मध्ये त्यांनी एक छोटा लेख लिहिला. आज तो गेस्टाल्ट थेरपीचा पाया मानला जातो. त्याचं सार असं: आपण जे नाही ते बनायची धडपड करतो तेव्हा बदल होत नाही. आपण जे आहोत ते पूर्णपणे होतो, तेव्हा बदल होतो. याला 'बदलाचा विरोधाभासी सिद्धान्त' म्हणतात.

टेनिस पुन्हा कधीच खेळता येणार नाही अशा माणसाने हे लिहिलंय, हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं. 'आहे ते स्वीकारा' हा गुळगुळीत सल्ला इथे नाही. शरीर त्यांनी निवडलं नव्हतं. त्या शरीरासकट कसं जगायचं, ही निवड मात्र उरली होती. अस्तित्ववादात स्वातंत्र्याचा अर्थ नेमका हाच आहे.

रिकाम्या खुर्चीत कोण बसतं?

गेस्टाल्ट थेरपीचं सर्वांत प्रसिद्ध तंत्र म्हणजे रिकामी खुर्ची. त्याचं मूळ जेकब मोरेनो यांच्या मनोनाट्यात आहे.

समजा, एका बाईचे वडील वर्षभरापूर्वी वारले. शेवटच्या आठवड्यात ती दवाखान्यात गेली नाही. ती म्हणते, "जाणं झालंच नाही." थेरपिस्ट समोर रिकामी खुर्ची ठेवतो आणि वडील तिथे बसलेत अशी कल्पना करून बोलायला सांगतो. आधी ती माफी मागते. मग अचानक आवाज चढतो, "तुम्ही तरी कधी आलात माझ्या शाळेत?" मग ती स्वतः त्या खुर्चीत बसते आणि वडील म्हणून उत्तर देते. पुन्हा आपल्या खुर्चीत येते तेव्हा 'जाणं झालं नाही' हे वाक्य 'मी गेले नाही, मी रागावले होते' असं झालेलं असू शकतं. अपराधीपणा लगेच संपत नाही. पण आता तो तिचा असतो, आणि त्याच्यासोबत तिचा रागही.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण तंत्र असंच चालतं. आणि त्यावर संशोधनही झालं आहे. लेस्ली ग्रीनबर्ग यांनी हे तंत्र आपल्या भावनाकेंद्री उपचारपद्धतीत घेतलं. सँड्रा पायव्हिओ आणि ग्रीनबर्ग यांच्या १९९५ मधल्या अभ्यासात, जवळच्या माणसाशी 'अपूर्ण राहिलेलं काम' असलेल्या लोकांना या संवादाचा फायदा झाल्याचं दिसलं.

फ्रिट्झ आणि लॉरा: एकाच थेरपीतले दोन अस्तित्ववाद

इथपर्यंत सगळं जुळतं. पण खरी गुंतागुंत पुढे आहे.

१९६४ मध्ये फ्रिट्झ कॅलिफोर्नियातल्या एसालेन संस्थेत राहायला गेले. शेकडो लोकांसमोर एकेका माणसाला 'हॉट सीट'वर बसवून ते काम करत. त्यांची शैली थेट होती, अनेकदा टोचणारी. या काळात त्यांनी लिहिलेली 'गेस्टाल्ट प्रार्थना' अमेरिकेत पोस्टरांवर झळकली. मी माझं बघतो, तू तुझं बघ, आपली गाठ पडली तर छान, नाही तर इलाज नाही, असा तिचा एकूण सूर. फ्रिट्झ यांचा अस्तित्ववाद स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या एकट्या माणसाचा होता.

लॉरा न्यूयॉर्कमध्येच राहिल्या आणि शांतपणे शिकवत राहिल्या. त्यांचा आधार बूबर होते. बूबर यांचं 'मी आणि तू' हे पुस्तक १९२३ मध्ये आलं. माणूस जगाशी दोन तऱ्हांनी नातं जोडतो, असं ते म्हणतात. एक 'मी–ते', ज्यात समोरचा वापरायची किंवा अभ्यासायची वस्तू असतो. दुसरं 'मी–तू', ज्यात दोघं एकमेकांना खरोखर भेटतात. 'मी' कोण हे या भेटीतच घडतं. लॉरा यांच्या कामात भर होता तो संपर्क आणि आधार या दोन गोष्टींवर. आधार नसेल तर माणसाला संपर्क झेपत नाही. म्हणून त्याला जितकं पेलवेल तितकंच पुढे न्यायचं.

म्हणजे एकाच थेरपीत दोन अस्तित्ववाद आहेत. एक म्हणतो, 'तू स्वतंत्र आहेस, उभा राहा.' दुसरा म्हणतो, 'कोणी तरी सोबत उभं असेल तर माणूस उभा राहतो.' तुमचा थेरपिस्ट यातला कोणता मानतो, त्यावर तुमचा अनुभव ठरतो.

अर्थात बूबर यांनाही मर्यादा ठाऊक होती. १९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठात कार्ल रॉजर्स यांच्याशी झालेल्या जाहीर संवादात त्यांनी सांगितलं की थेरपिस्ट आणि रुग्ण यांचं नातं पूर्ण बरोबरीचं असू शकत नाही. मदत मागायला एक आलेला असतो, दुसरा नाही.

दोघांचं कुठे पटत नाही?

गेस्टाल्ट थेरपी म्हणजे अस्तित्ववादाचं थेट उपयोजन, असं म्हणणं चुकीचं ठरेल. मोठा मतभेद 'स्वभाव' या मुद्द्यावर आहे.

सार्त्र यांच्या मते माणसाला तयार स्वभाव नसतो. पर्ल्स मात्र गोल्डश्टाइन यांच्याकडून शिकलेलं विसरत नाहीत. शरीराला आपली गरज कळते आणि अडथळा दूर केला की ते स्वतःचा समतोल साधतं, यावर त्यांचा विश्वास आहे. गुलाबाने गुलाबच व्हावं, कांगारू व्हायला जाऊ नये, अशी त्यांची भाषा. सार्त्र विचारतील, माणसाचा 'गुलाब' आधीच ठरलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं?

दुसरा फरक मृत्यू आणि अर्थ यांचा. आयर्विन यॅलम यांच्या १९८० च्या 'एक्झिस्टेन्शियल सायकोथेरपी'त मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपणा आणि अर्थहीनता हे चार मुख्य विषय आहेत. गेस्टाल्ट थेरपीत त्यातल्या स्वातंत्र्यावर सर्वाधिक जोर आहे. बाकीचे विषय ती आत्ताच्या अनुभवातून आले तरच हाती घेते.

'जबाबदारी घ्या' हे वाक्य कधी घातक ठरतं?

या पद्धतीवरची सर्वांत गंभीर टीका इथे येते.

नवऱ्याचा मार खाणारी बाई थेरपिस्टला म्हणाली, "मला घर सोडता येत नाही." तिला 'मी घर सोडत नाही' असं म्हणायला लावायचं का? तिच्या हातात पैसे नाहीत, माहेरचं दार बंद आहे, मुलं लहान आहेत. इथे 'येत नाही' हे सत्य आहे. ते वाक्य बदलायला लावणं म्हणजे तिच्यावर झालेल्या अन्यायाचं बिल तिच्याच नावावर फाडणं.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या गटांमध्ये अशा चुका झाल्या. मॉर्टन लिबरमन, यॅलम आणि मॅथ्यू माइल्स यांनी त्या काळच्या निरनिराळ्या पद्धतींच्या एन्काउंटर गटांचा अभ्यास केला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात असं दिसलं की काही सहभागींना या गटांमुळे मानसिक इजा झाली आणि आक्रमक शैलीच्या नेतृत्वाखाली हा धोका जास्त होता.

पण यात दोष अस्तित्ववादाचा होता का? तसं म्हणता येत नाही. स्वातंत्र्य नेहमी एखाद्या परिस्थितीतच असतं, असं सार्त्र यांनीही म्हटलं होतं. सिमोन द बोव्हार यांनी तर १९४७ आणि १९४९ च्या आपल्या पुस्तकांत ठामपणे मांडलं की दडपशाही माणसाच्या निवडीची जागाच आकुंचित करते आणि कोणीही एकटं स्वतंत्र होऊ शकत नाही. पोस्टरवर पोहोचताना अस्तित्ववादाचा हा अर्धा भाग गळून गेला.

आजची गेस्टाल्ट थेरपी बऱ्याच अंशी लॉरा यांच्या वाटेने गेली आहे. गॅरी योंटेफ, लिन जेकब्ज, रिचर्ड हिक्नर यांच्यासारख्यांनी संवाद आणि नातं यांना केंद्रस्थानी आणलं. हॉट सीटचा धाक मागे पडला.

हे तुमच्या कामाचं का आहे?

'मी–माझं', 'स्वतःला निवडा', 'टॉक्सिक माणसांना सोडा' हे सल्ले आज रोज रील्समधून येतात. त्यांत फ्रिट्झ यांच्या प्रार्थनेचाच सूर ऐकू येतो. पुढच्या वेळी असं काही ऐकलंत तर एक प्रश्न विचारून बघा: यात निवड दाखवली जातेय की आधार काढून घेतला जातोय?

थेरपिस्ट निवडतानाही हाच निकष उपयोगी पडतो. अवघड प्रश्न विचारणारा थेरपिस्ट वाईट नसतो. पण अवघड प्रश्न विचारल्यावर तो तुमच्यासोबत थांबतो का, 'मला हे आत्ता नको' म्हणायची मोकळीक देतो का, हे बघा. रिकाम्या खुर्चीसारखे प्रयोग प्रशिक्षित व्यक्तीसोबतच करावेत, घरी व्हिडिओ बघून नव्हे. तातडीची मदत हवी असेल तर भारत सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आणि 'जमणार नाही'चं काय? ते वाक्य भाषेतून काढून टाकायची गरज नाही. कधी खरंच जमणार नसतं. कधी आपल्याला जायचंच नसतं. या दोन्हींतलं आपलं आत्ता कोणतं, एवढं स्वतःला माहीत असणं, इतकीच गेस्टाल्ट थेरपीची मागणी आहे. समोरच्याला काय सांगायचं, ते मग तुम्ही ठरवा.